रात्री कॉम्प्युटर झोपवावा, बंद करावा की चालूच ठेवावा? (घरात तह हवा आहे)

अधमुरे_दही (धागाकर्ती)

मंडळी, प्रश्न तसा किरकोळ आहे, पण आमच्याकडे त्यावरून परवापासून अबोला आहे म्हणून इथे आणला.

घरात एकच डेस्कटॉप, सात-आठ वर्षांचा, विंडोजवाला. मी त्यावर भाषांतराची कामं करते. चाळीसेक टॅब, तीन शब्दकोश, अर्धवट मजकूर असं सगळं उघडं असतं. सकाळी पुन्हा मांडामांड नको म्हणून मी रात्री नुसता स्लीपला टाकते. मुलगा (बारावी, म्हणजे कागदोपत्री) चालूच ठेवतो, त्याचं काहीतरी डाउनलोड होत असतं. आणि सासरे, म्हणजे नाना, रात्री साडेदहाला घरभर फेरी मारतात. गीझर, मिक्सर, टीव्ही, चार्जर, सगळी बटणं भिंतीवरून बंद. चाळीस वर्षांची सवय, कोणी बोलायची सोय नाही.

सोमवारी मी स्लीपला टाकून झोपले, नानांनी बोर्डाचं बटण आणि यूपीएस दोन्ही बंद केलं. सकाळी पडद्यावर काही नाही. अकरा पानं गेली. नाना म्हणतात, "स्क्रीन काळी होती, मला वाटलं बंदच आहे." मुलगा म्हणतो, "म्हणून तर चालू ठेवायचा असतो." मी कुणाशीच बोलत नाहीये.

बरोबर कोण? आणि मशीनला नक्की सोसतं काय? जाता जाता, महिनाभर सकाळी घड्याळही काहीतरी भलतंच दाखवतंय, ते वेगळं.

पाणचट_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. माझं मत नानांना.

मॅकवाली_मावशी

माझ्या मॅक मिनीचं बटण कुठे आहे तेच मी आठ दिवसांनी शोधलं. २०२४ च्या मॉडेलमध्ये ते चक्क बुडाखाली आहे, उचलून दाबावं लागतं. रिकामा बसला तरी चार-पाच वॉटच घेतो, मग कोण बंद करतंय! तुमचा जुना डेस्कटॉप आहे, तिथे हे लागू नाही म्हणा.

ओमचा_नियम

आधी अकरा पानांचं सांगतो, मग मशीनला काय सोसतं ते.

स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे सगळं थांबतं, फक्त रॅम, म्हणजे उघडं काम धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी, जागी असते. रॅमचा स्वभाव गळक्या घागरीसारखा आहे. त्यातल्या प्रत्येक कप्प्यातला विद्युतभार गळत असतो आणि साधारण दर ६४ मिलिसेकंदांना तो पुन्हा भरावा लागतो. म्हणजे स्लीपमध्येही तिला अखंड वीज हवी. नानांनी बटण दाबलं, घागर रिकामी. यात त्यांचा दोष नाही, झोपलेल्या आणि मेलेल्या मशीनमध्ये बाहेरून एका लुकलुकत्या दिव्याचाच काय तो फरक असतो.

हायबरनेटचं तसं नाही. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून मशीन खरोखर बंद होतं. मग बोर्डाचं बटण बंद करा, प्लग काढा, मशीन उचलून गावाला न्या, काही बिघडत नाही. सकाळी टॅब जिथल्या तिथे. उठायला स्लीपपेक्षा थोडा जास्त वेळ घेतो इतकंच.

आणि या दोघांच्या मधली एक सोय आहे, हायब्रिड स्लीप. रॅमही जागी ठेवायची आणि डिस्कवर प्रतही काढून ठेवायची. लाईट गेली नाही तर दोन सेकंदांत उठतो, गेली तर डिस्कवरून उठतो. डेस्कटॉपवर ही बहुधा आधीपासूनच चालू असते. तुमच्याकडे असती तर पानं गेली नसती. म्हणून माझा प्रश्न: स्टार्टच्या पॉवर बटणात, किंवा कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "पॉवर बटणाने काय करावं" त्या पानावर, हायबरनेट असा पर्याय तुम्हाला दिसतो का?

घड्याळाचं उत्तर मला बहुतेक ठाऊक आहे, पण आधी हे बघून सांगा.

र्‍हाइनकाठ

जर्मनीहून. इथे घरगुती वीज युनिटला ३५ ते ४० सेंटच्या आसपास आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे भावनिक नाही, हिशेबाचा आहे. ६० वॉट घेणारं मशीन वर्षभर अहोरात्र चालू ठेवलं तर ५२५ युनिटं, म्हणजे दोनशे युरोच्या घरात. इथे प्रत्येक घरात लाल बटणाची एक्स्टेंशन पट्टी असते, शेजारच्या आजी रात्री तिच्यावर पायाचा अंगठा दाबूनच झोपायला जातात. तुमचे नाना इथे अगदी रमतील.

युरोपात नियमच आहे. २०१० पासून बंद किंवा स्टँडबायमधल्या घरगुती उपकरणाने एक वॉट, २०१३ पासून अर्धा वॉट, त्याहून जास्त घ्यायचं नाही (घड्याळबिड्याळ दाखवणाऱ्याला थोडी सूट). त्यामुळे टीव्हीच्या लाल दिव्याची भीती आता जुनी झाली. खरा खाणारा असतो तो पूर्ण जागा राहून काहीच न करणारा.

पाणचट_चहा

> पूर्ण जागा राहून काहीच न करणारा

ऑफिसात आहे एक. नाव लिहीत नाही.

जुना_जाणता

धागाकर्तीचा मुलगा जे म्हणतो त्याला एके काळी अर्थ होता. "चालू-बंद केल्याने मशीन मरतं" हे आम्ही ऐंशी-नव्वदच्या दशकात घोकलेलं वाक्य आहे. पिवळा बल्ब नेहमी बटण दाबतानाच का उडतो? गार तार कमी अवरोध देते, पहिल्या क्षणी प्रवाह उसळतो. तसंच गार-गरम होताना बोर्डावरचे डाखलेले सांधे फुगतात-आकसतात. शिवाय तेव्हाच्या हार्ड डिस्कला सुरू होताना खरंच त्रास व्हायचा. त्या काळी वीजपुरवठ्याचं बटण म्हणजे खटका होता. विंडोज ९५ मध्ये शट डाऊन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता बंद करायला हरकत नाही अशी, आणि मग आपण हाताने खटका पाडायचो. ती अक्षरं यायच्या आत लाईट गेली की पुढच्या वेळी डिस्क तपासणीचा पट्टा सरकताना बघत बसायचं.

आज डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कला कंपनी पन्नास हजारांच्या घरात चालू-बंद सांगते. रोज पाच वेळा बंद केली तरी सत्तावीस वर्षं. एसएसडीला, म्हणजे चिपांच्या नव्या डिस्कला, तर फिरणारा भागच नाही.

पण "चालूच ठेवा" याची दुसरी बाजू सांगतो. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू राहिलं की गोठायचं. मिलिसेकंद मोजणारा आकडा ४,२९,४९,६७,२९६ ला भरायचा आणि पुन्हा शून्यावर यायचा. गंमत अशी की हे कळायलाच काही वर्षं गेली, कारण इतके दिवस ते न अडकता चालतंय कुठे! बोइंग ७८७ चीही तीच गत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने फर्मान काढलं की विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर सांभाळणारी चारही यंत्रं एकदम माघार घेऊ शकतात, सबब मधे बंद करून चालू करा.

आणि एक गंमत नसलेली. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियात धाहरान. येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्रांचा संगणक शंभर तास सलग चालू होता. त्याच्या घड्याळात दशांश सेकंदाची छाटछूट साठत साठत ०.३४ सेकंदांची चूक झाली. आलेलं इराकी स्कड क्षेपणास्त्र त्याला जिथे शोधायचं तिथे सापडलं नाही. २८ अमेरिकन सैनिक गेले. फार वेळ सलग चालवू नका अशी सूचना आधी गेली होती. फार वेळ म्हणजे किती, ते तीत लिहिलेलं नव्हतं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी पोचला.

बोरकूट

जाणते काका, माहिती भारी, पण अधमुरे_दही यांच्या हॉलमध्ये स्कड येत नाहीत हो.

मीही पूर्वी रात्र रात्र चालू ठेवायचो. परग्रहावरच्या मंडळींचे संदेश शोधणारा सेटी-अ‍ॅट-होम होता ना, १९९९ ते २०२० चालला, आपलं मशीन रिकामं असताना दुर्बिणीची माहिती चाळायचा. परग्रहवासी सापडले नाहीत. बिल दिसल्यावर वडील मात्र भेटले.

जुना_जाणता

बोरकूट, मुद्दा एवढाच की आठवड्यातून एकदा रीस्टार्ट हवा. घरच्या मशीनमध्ये स्कड नसेल, पण ब्राउझर असतो. आठ दिवसांत तो काय काय धरून बसतो ते बघा.

आणि हो, रीस्टार्टच म्हणतोय, शट डाऊन नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. शट डाऊन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर हायबरनेट होतो आणि सकाळी तोच उठवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये "अप टाइम" (सलग किती वेळ चालू) बघा, रोज बंद करणाऱ्या लोकांचाही बारा-पंधरा दिवस निघतो. खरं बंद करायचं तर शिफ्ट दाबून धरून शट डाऊन म्हणायचं. रीस्टार्ट मात्र दरवेळी कोराच असतो.

मॅकवाली_मावशी

हे आमच्या ह्यांना आत्ता दाखवलं. अप टाइम ४१ दिवस. रोज रात्री "शिस्तीत बंद" करतात! दंडवत.

तिरफळ

कुडाळहून. तुम्ही सगळे विजेच्या बिलाचं बोलताय, आमच्याकडे बोलायची ती आकाशातली वीज. वैशाखातला वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळी आमचा नियम एकच: गडगडलं की प्लग भिंतीतून बाहेर. स्लीप असो, शट डाऊन असो, तिला भेदभाव नाही. आणि बटण बंद करून भागत नाही, बोर्डावरचं बटण एकच तार तोडतं, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलंच राहतं. आमचं पहिलं मशीन तर विजेच्या तारेतून गेलंच नाही, टेलिफोनच्या तारेतून मोडेममार्गे गेलं. आता इंटरनेटची तांब्याची तारही काढते.

दुसरं, जीवजंतू. चालू मशीन उबदार असतं. पालीक ऊब बरी वाटता. मागच्या पावसाळ्यात यूपीएसच्या जाळीतून आत गेली आणि तिथेच राहिली, कायमची. मुंग्यांनी कॅबिनेटमध्ये अंडी घातलेली मी स्वतः पाहिली आहेत. उलट महिनाभर बंद ठेवलं की दमटपणाने मेमरीच्या पट्ट्या काळवंडतात, मग खोडरबराने घासून बसवायच्या. म्हणून श्रावणात वापर नसला तरी रोज तासभर लावून ठेवते.

अधमुरे_दही

बापरे, केवढे प्रतिसाद! ओमचा_नियम, बघितलं. हायबरनेट पर्याय दिसतच नाही. शिफ्ट वगैरे धरूनही नाही. पॉवर ऑप्शन्समध्येही नाही.

ओमचा_नियम

वाटलंच. कोणीतरी तो मुळातून काढला आहे. हायबरनेटसाठी विंडोज सी ड्राइव्हवर रॅमच्या साधारण ४० टक्के जागा अडवून ठेवतं. १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर. ती जागा मोकळी करायला एका ओळीची कमांड आहे आणि ती सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. ती चालवली की हायबरनेट जातं, त्याच्याबरोबर हायब्रिड स्लीप आणि फास्ट स्टार्टअपही जातं. घरात हल्ली कोणाला जागा कमी पडत होती का?

पाणचट_चहा

पॉपकॉर्नचा दुसरा डबा.

अधमुरे_दही

चिरंजीवांनी कबुली दिली. दिवाळीत एक गेम बसत नव्हता.

म्हणजे अकरा पानं नानांनी नाही घालवली. नाना हे ऐकून काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. त्याचा मला जास्त त्रास झाला.

ओमचा_नियम

परत आणायला: कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, चिरंजीवांनी जी ओळ चालवली तीच लिहा, शेवटच्या "ऑफ"च्या जागी "ऑन". त्याला पाठ असेल. मग पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत स्लीपखाली हायब्रिड स्लीप चालू करा. नंतर एकदा परीक्षा घ्या: बिनमहत्त्वाची फाईल उघडी ठेवून स्लीप, मिनिटभर थांबा, बटण बंद, पुन्हा चालू. फाईल उघडी मिळाली की सुटलात.

रोज डिस्कवर लिहिल्याने एसएसडी झिजेल असं कोणी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. रोज सहा जीबी म्हणजे वर्षाला सव्वादोन टेराबाइट. ५०० जीबीच्या बऱ्यापैकी एसएसडीची हमी ३०० टेराबाइटपर्यंत असते. शंभरावर वर्षं.

आता घड्याळ. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो. मशीन "बंद" असतानाही भिंतीतून वीज मिळत असेल तर घड्याळ त्या विजेवर चालतं, सेलला हात लागत नाही. नाना रोज रात्री बटण पाडतात म्हणजे सात-आठ वर्षं रात्रपाळी त्या सेलनेच केली आहे. संपला बिचारा. तीस-चाळीस रुपयांत नवा येतो. बदलला नाहीत तर तारीख मागे जाऊन बँकेच्या साइटी "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायला लागतील.

सायकलवाली

लॅपटॉपवाल्यांसाठी एक, कारण मला फटका बसलाय. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोप नसतेच, फोनसारखी अर्धी झोप असते, अधूनमधून उठून मेल-अपडेट बघणारी. मी झाकण मिटवून सॅकमध्ये टाकला, पुणे-कोल्हापूर. उतरताना सॅक इस्त्रीसारखी गरम आणि बॅटरी तीन टक्के. तेव्हापासून झाकण मिटलं की हायबरनेट असं लावून ठेवलंय. रात्रभर चार्जरला शंभर टक्क्यांवर तापत ठेवणंही बॅटरीला मानवत नाही, बहुतेक कंपन्या ८० टक्क्यांवर थांबायची सोय देतात, ती लावा.

बोरकूट

माझा प्रश्न उलटा आहे. मी स्लीपला टाकतो आणि तो रात्री तीनला आपोआप उठतो. अंधारात पडदा उजळतो, बायको दचकते.

ओमचा_नियम

नव्वद टक्के वेळा उंदीर. म्हणजे माउस. रस्त्यावरून ट्रक गेला, टेबल हललं, ऑप्टिकल माउसला वाटलं मालक आले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या गुणधर्मांत "या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू द्या" अशी खूण असते, ती काढा, कीबोर्डची ठेवा. तरी उठला तर नेटवर्क कार्ड किंवा अपडेटचं वेळापत्रक.

बोरकूट

माउसच होता. आणि ट्रक नव्हे, मांजर.

अधमुरे_दही

तीन दिवसांनी येतेय, पण हे लिहायलाच हवं.

सेल बदलला, घड्याळ ठीक. हायब्रिड स्लीप चालू केलं, परीक्षा घेतली, फाईल जशीच्या तशी उठली. मी नानांना म्हटलं, आता तुम्ही खुशाल बटण बंद करा. तर ते म्हणाले, "पण किती खातो ते कुणी मोजलंय का?"

आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि खाली लिहिलंय, ३२०० लुकलुकींना एक युनिट. नानांनी काल दुपारी मेन बोर्डावरचे सगळे खटके पाडले, फ्रिजसकट, राउटरची पिन काढली, फक्त कॉम्प्युटरची लाईन ठेवली. मग मीटरखाली स्टूल, हातात घड्याळ, मांडीवर वही. मी आतून ओरडून सांगायचं, "आता स्लीप!", ते दोन लुकलुकींमधले सेकंद मोजणार. ११२५ ला सेकंदांनी भागलं की वॉट, हे गणित त्यांनीच मांडलं, चिरंजीवांनी फोनवर पडताळलं.

मशीन चालू, पडदा चालू, कोणी काही करत नाही: १३ सेकंदांना एक. ८६ वॉट.
पडदा बंद, मशीन चालू (म्हणजे चिरंजीवांची रात्र): १८ सेकंद. ६२ वॉट.
स्लीप: ९० सेकंद. साडेबारा वॉट.
शट डाऊन: ११० सेकंद. दहा वॉट.

नाना स्टुलावरून उठेनात. "बंद आहे तर दहा वॉट घेतंय कोण?" यूपीएसची पिन काढून कॉम्प्युटर थेट भिंतीला लावला, लुकलुक जवळजवळ थांबली. अर्धा तास बसले, फक्त एकदा लुकलुकला. दहापैकी बहुतेक सगळं यूपीएस एकटा खात होता!

म्हणजे स्लीप आणि बंद यात फरक दोन-अडीच वॉटचा. रोज सोळा तास धरले तर महिन्याला एक युनिट आणि वर थोडं. यूपीएस मात्र चोवीस तास लावून ठेवला तर सात युनिटं. आणि चिरंजीवांची सोळा तासांची रिकामी जाग महिन्याला तीस. आमचं बिल शंभर युनिटांच्या पुढेच असतं, तिथला दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ही तीस युनिटं वरच्याच दराने जाणार. नानांनी आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला आणि नातवासमोर वही उघडी ठेवून चहाला गेले.

र्‍हाइनकाठ

नानांना साष्टांग. इथे लोक त्यासाठी वीस युरोचं यंत्र विकत घेतात.

तिरफळ

यूपीएस रोज रात्री मुळापासून बंद करू नका मात्र, अधूनमधून लाईट जाते तेव्हा त्याची बॅटरी उतरते, ती भरायला वेळ लागतो. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की मेलीच.

अधमुरे_दही

तिरफळ, वाचून दाखवलं. ठरलं ते असं: मी हायब्रिड स्लीप, रविवारी रीस्टार्ट. चिरंजीव डाउनलोड लावेल तर संपल्यावर मशीन झोपेल अशी वेळ घालून. यूपीएसची पिन राहणार, पण बोर्डाला नाना हात लावणार नाहीत, गडगडलं तरच.

पाणचट_चहा

मग साडेदहाच्या फेरीत नाना काय बंद करणार?

अधमुरे_दही

सध्या फ्रिज मोजतायत. टेबलावर दूध नासलंय.